मूठमाती



मराठीत आपण एक शब्द फार सहज वापरतो. जुन्या रूढीला मूठमाती दिली, भाऊबंदकीच्या भांडणाला मूठमाती दिली. बोलताना त्यातली मूठ कुणाला दिसत नाही आणि मातीही दिसत नाही. मला ती गेल्या हिवाळ्यात दिसली. दिल्ली गेटच्या कबरस्तानात, माझ्या शेजाऱ्यांच्या दफनाच्या वेळी, माझ्याच हातात.

आजचा विषय तोच आहे. कबरस्तान चालतं कसं? तिथे रोज काय घडतं? आणि लाखो माणसांच्या शहरात मेलेल्या माणसाला जागा कुठून मिळते? आपल्यापैकी बहुतेकांनी कबरस्तान रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेलं असतं. मुंबईत मरीन लाइन्सला उतरणाऱ्यांना चंदनवाडीची स्मशानभूमी माहीत असते, तिच्या शेजारचं बडा कबरस्तान माहीत असतं, पण आत गेलेले थोडेच. मीही वयाची पंचावन्न वर्षं आत गेलो नव्हतो.

आधी शेजाऱ्यांविषयी सांगतो. मी नोएडात राहतो. आमच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहायचे. मी त्यांना चाचा म्हणायचो, ते मला बेटा म्हणायचे. मूळचे आझमगढकडचे, चाळीस वर्षं दिल्लीत फारसी शिकवली. तरुणपणी भाषेच्या अभ्यासासाठी वर्षभर तेहरानला राहून आले होते. संध्याकाळी आम्ही सोसायटीत फेऱ्या मारायचो तेव्हा त्या वर्षाच्या गोष्टी निघायच्या. त्यात तेहरानच्या मोठ्या कबरस्तानाची गोष्ट हमखास असायची. त्याचं नाव बेहेश्त-ए-जहरा. बेहेश्त म्हणजे स्वर्ग आणि जहरा ही पैगंबरांची कन्या फातिमा यांची उपाधी. "तिथे लोक गुरुवारी कबरस्तानात जातात ते सहलीला गेल्यासारखे," असं चाचा हसत सांगायचे.

एका पहाटे चाचा गेले. मुलगा पुण्यात नोकरीला, तो दुपारच्या विमानाने येणार होता. इस्लाममध्ये दफनाला उशीर करत नाहीत, शक्यतो त्याच दिवशी उरकतात. म्हणून त्यांचे पुतणे सकाळीच जवळच्या गावातल्या कबरस्तानात विचारायला गेले. तासाभराने परत आले. तिथल्या मंडळींनी सांगितलं होतं की ही जागा गावाची आहे, सोसायटीवाल्यांसाठी नाही. कुणी वाईट बोललं नव्हतं. गावाकडेही जागा थोडीच होती. पण अकरा वर्षं ज्या भागात राहिले तिथे चाचांना सहा फूट जमीन मिळेना.

शेवटी दर्यागंजमधल्या एका जुन्या विद्यार्थ्याने धावपळ केली आणि दिल्ली गेटला सोय झाली.

तयारी

दफनाआधी देहाला आंघोळ घालतात, तिला गुस्ल म्हणतात. पुरुषाला पुरुष आणि बाईला बायका आंघोळ घालतात. पाण्यात बोरीची पानं उकळतात, शेवटच्या पाण्यात कापूर असतो. पाणी विषम संख्येने घालतात, साधारण तीन वेळा. पूर्ण वेळ अंगावर चादर असते, देह उघडा पडू देत नाहीत. मग कफन. पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच. न शिवलेलं पांढरं सुती कापड. श्रीमंत असो वा गरीब, यात फरक करायचा नसतो.

बोरीची पानं आणि कापूर ऐकून मला आपल्याकडचं सगळं आठवलं. आपल्याकडे दफन अगदीच परकं आहे असं नाही. लिंगायत समाजात दफन करतात, बसलेल्या स्थितीत. नाथपंथी आणि गोसावी यांच्यात समाधी देतात. अगदी लहान मूल गेलं तर दहन करणाऱ्या घरातही त्याला पुरतात. मूठमाती हा शब्द मराठीत आला तो असाच, आपल्याच रीतीतून.

देह ज्या तिरडीसारख्या खाटेवरून नेतात तिला जनाजा म्हणतात. खांदा द्यायला सगळे पुढे येतात, दर थोड्या पावलांवर खांदा बदलतो. मी बाजूला उभा होतो. चाचांचा पुतण्या म्हणाला, "भाईसाहब, आप भी आइए." मी खांदा दिला. कुणी माझा धर्म विचारला नाही.

जनाज्याची नमाज उभ्यानेच असते. तिच्यात वाकणं नाही, जमिनीला कपाळ टेकणं नाही. सुन्नी लोक चार वेळा तकबीर म्हणतात, शिया पाच वेळा. पाच-सात मिनिटांत संपते. मी मागे हात बांधून उभा राहिलो, तेवढं पुरतं.

कबर

दिल्ली गेटचं हे कबरस्तान आयटीओजवळ आहे, बहादूर शाह जफर मार्गाला लागून, जिथे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांची रांग आहे. त्याचं नाव जदीद कबरस्तान अहले इस्लाम. जदीद म्हणजे नवं. दिल्लीतल्या सर्वांत मोठ्या कबरस्तानांपैकी ते एक, चाळीस-पन्नास एकरांच्या घरातलं. फाटकातून आत शिरलं की रस्त्याचा आवाज हळूहळू मागे पडतो. कडुनिंबाची झाडं, मातीच्या उंचवट्यांच्या रांगा, मध्येच एखादी संगमरवरी कबर.

कबर दोन प्रकारची असते. एक बगली. तिच्यात खड्ड्याच्या तळाशी किब्ल्याच्या बाजूला भिंतीत कोनाडा खणतात आणि देह त्यात ठेवतात. दुसरी संदूकी. तिच्यात खड्ड्याच्या तळाशी मधोमध पेटीसारखी अरुंद जागा खणतात, देह तिच्यात ठेवून वर लाकडी फळ्या किंवा फरश्या टाकतात. कुठली करायची ते मातीवर ठरतं. जमीन घट्ट असेल तर बगली टिकते. यमुनेकाठची गाळाची माती भुसभुशीत, कोनाडा ढासळतो, म्हणून अशा जमिनीत संदूकी सोयीची. दोन्हींत हेतू एकच, माती थेट देहावर पडू नये.

दिशेचंही गणित आहे. देह उजव्या कुशीवर, तोंड मक्केकडे. भारतातून मक्का पश्चिमेला, म्हणून इथल्या कबरी दक्षिणोत्तर असतात, डोकं उत्तरेला. लहानपणी मी उत्तरेकडे डोकं करून झोपलो की आजी उठवून फिरवायची, ती मेलेल्याची दिशा म्हणायची. चाचांना तसं ठेवताना मला आजी आठवली. तेहरानहून मक्का नैऋत्येला आहे, त्यामुळे तिथल्या कबरींच्या रांगा वेगळ्या कोनात वळलेल्या असतात.

फळ्या बसल्यावर प्रत्येकाने तीन मुठी माती टाकली. माणूस मातीतून आला, मातीत परतला आणि मातीतूनच पुन्हा उठवला जाईल, अशा अर्थाचे शब्द त्या वेळी म्हणतात. मला ते शब्द येत नव्हते. मी नुसती माती टाकली. थंडीतली माती गार आणि ओलसर होती, हाताला चिकटली. मग फावडी चालली, वर उंचवटा झाला, त्यावर पाणी शिंपडलं म्हणजे माती बसते. गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. सगळं मिळून अर्धा तास.

रोजचं काम

बाकीचे निघाले तरी मुलगा कचेरीत कागदपत्रं पुरी करत होता, म्हणून मी तिथेच थांबलो. तेव्हा कबरस्तानाचा रोजचा दिवस दिसला.

कबर खणणाऱ्याला गोरकन म्हणतात. दोन गोरकन झाडाखाली चहा पीत होते. त्यांतल्या वयस्काचे वडीलही हेच काम करायचे. मी विचारलं, रोज किती कबरी? तो म्हणाला, ते आमच्या हातात थोडंच आहे, पण थंडीत आणि कडक उन्हाळ्यात जास्त. उन्हाळ्यात माती दगडासारखी होते आणि पावसाळ्यात कडा कोसळतात, म्हणून त्याला थंडी आवडते. एक-दोन खड्डे तो आधीच तयार ठेवतो, कारण माणसं कधी वेळ सांगून येत नाहीत.

फाटकाशी फुलवाला. त्याचा धंदा गुरुवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी चालतो, वर्षातून एकदा शब-ए-बारातला रात्रभर. त्या रात्री लोक आपल्या माणसांच्या कबरींवर दिवे आणि अगरबत्त्या लावतात, फातिहा पढतात. आपल्या सर्वपित्री अमावास्येसारखी ती पितरांच्या आठवणीची रात्र. मृत्यूनंतरचे दिवसही ओळखीचे वाटतील. आपल्याकडे दहावा, तेरावा. इथे तिसरा दिवस आणि चाळिसावा, त्याला चेहलुम म्हणतात. इराणमध्ये तिसरा, सातवा, चाळिसावा आणि वर्षश्राद्धासारखा वर्षाचा दिवस.

कचेरीत नोंदवही असते. नाव, वडिलांचं नाव, वय, पत्ता, मृत्यूचं कारण, दफनाची तारीख. डॉक्टरांचा कागद आणि आधार कार्ड लागतं. या नोंदीवरूनच पुढे महापालिकेचा मृत्यूचा दाखला मिळतो, म्हणून पावती जपून ठेवायची.

तिथेच मुलाने विचारलं, कबर पक्की करता येईल का? कचेरीतले गृहस्थ म्हणाले, "बेटा, कच्ची ही रहने दो." मुलाला ते लागलं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, बाबांचं नावही कोरायचं नाही का? त्या नकारामागे काय आहे ते मला नंतर कळलं.

जागेचं गणित

दिल्ली अल्पसंख्याक आयोगाने करून घेतलेल्या एका पाहणीचा अहवाल २०१८ मध्ये आला. त्यानुसार दिल्लीत कागदोपत्री ७०४ मुस्लिम कबरस्तानं होती, वापरात होती फक्त १३१. बाकीची अतिक्रमणात, वादात किंवा बंद. शहरात वर्षाला सरासरी १३ हजार दफनं होत होती आणि २०१७ मध्ये शिल्लक जागा उरली होती साधारण २९ हजार कबरींची. भागाकार करून पाहा, सव्वादोन वर्षं. म्हणजे २०१९-२० पर्यंत दिल्लीतली सगळी कबरस्तानं भरून बंद पडायला हवी होती.

तशी ती पडली नाहीत. कारण कच्ची कबर कायमची जागा अडवत नाही. देह मातीत पूर्ण मिसळला की त्याच जागी दुसऱ्याला पुरायला धर्मशास्त्राची हरकत नाही. किती वर्षांनी, ते माती आणि ओल ठरवते. गोरकन जमिनीवर पाऊल ठेवून सांगतो की अजून नाही, किंवा आता चालेल. खणताना एखादं हाड निघालंच तर ते त्याच कबरीत एका बाजूला परत पुरतात. उंचवटा खचतो, सपाट होतो, आणि जागा पुन्हा मिळते. मुंबईच्या बडा कबरस्तानातही हेच चालतं. मुंबई-वसईच्या ख्रिस्ती दफनभूमींतही काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात.

पक्की कबर मात्र या फेऱ्यातून कायमची बाहेर पडते. एक संगमरवरी कबर म्हणजे पुढच्या कित्येक माणसांची जागा गेली. म्हणून पक्क्या कबरींना आळा घालावा, अशी शिफारस त्याच अहवालात होती. कचेरीतले गृहस्थ मुलाला नाही म्हणाले ते यासाठी. गावातल्या त्या मंडळींना ज्या टंचाईने नाही म्हणायला लावलं, त्याच टंचाईवरचा हा उपाय होता. चाचांना जी जागा मिळाली, तिथेही त्यांच्याआधी कुणीतरी होतंच, आणि त्या माणसाच्या घरच्यांनी तिच्यावर दगड बांधला नव्हता.

हा फेरा एकदा मोडला होता. २०२० च्या एप्रिलपासून कोविडने गेलेल्यांना याच कबरस्तानात वेगळ्या भागात पुरत होते. खड्डे खोल हवेत म्हणून जेसीबी आणले. आंघोळ नाही, खांदा नाही, नातेवाईक चार-पाच, तेही लांब उभे. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये दिल्लीत स्मशानभूमींबाहेर रांगा लागल्या तेव्हा इथेही तीच गत होती. वयस्क गोरकन मला म्हणाला, तेव्हा आम्ही मातीसुद्धा मशीनने टाकली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला देह माती लवकर घेत नाही, तेव्हा तिथली जागा पुन्हा केव्हा मिळेल ते कोण सांगणार?

तेहरानचं उत्तर

हाच प्रश्न तेहरानपुढेही आला होता. शहर वाढलं, जुनी कबरस्तानं पुरेनात, म्हणून १९७० मध्ये शहराच्या दक्षिणेला, कुमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बेहेश्त-ए-जहरा उघडलं. आज तिथे पंधरा लाखांहून अधिक माणसं पुरलेली आहेत. दिल्लीत गल्लोगल्लीच्या कमिट्या आणि वक्फ यांच्याकडे असलेलं काम तिथे नगरपालिकेच्या एका मोठ्या संस्थेकडे आहे. जमिनीचे नंबर घातलेले विभाग, विभागात रांग, रांगेत कबरीचा क्रमांक. नाव सांगितलं की ठिकाण मिळतं. आंघोळीची मोठी शाळा आहे, तिथे पगारी माणसं काम करतात आणि नातेवाईक काचेपलीकडून पाहतात. जागा वाचवायला एकावर एक मजल्यांच्या कबरी बांधतात, बहुधा तीन, मध्ये काँक्रीटच्या लाद्या. लोक कुटुंबासाठी त्या आधीच विकत घेऊन ठेवतात. चाचा म्हणायचे, "वहाँ मरने के बाद भी फ्लैट सिस्टम है."

तिथल्या कबरींवर जमिनीलगत आडवा दगड असतो, त्यावर नाव, तारखा आणि बरेचदा कवितेच्या ओळी. गुरुवारी दुपारी घरंच्या घरं येतात, बायकामुलांसह. दगड पाण्याने धुतात, त्यावर गुलाबपाणी ओततात, बोटांनी दगडावर हळू टकटक करत फातिहा पढतात. मग खजूर आणि हलवा वाटतात, अनोळखी माणसालाही. त्याने मेलेल्यासाठी दोन शब्द म्हणावेत एवढीच अपेक्षा. आपल्याकडे उत्तर भारतात दफनाला बायका बहुधा जात नाहीत. तिथे जातात, रडतात, बसतात, चहा पितात.

पण दगडावर नाव कोरलं म्हणजे ते राहिलंच असं नाही. तिथे इराण-इराक युद्धात, म्हणजे १९८० ते १९८८ मध्ये, मेलेल्या सैनिकांचे मोठे विभाग आहेत. प्रत्येकाचा फोटो काचेच्या पेटीत, सगळं नीट राखलेलं. त्याच कबरस्तानात ४१ क्रमांकाचा विभाग होता. १९७९ च्या क्रांतीनंतर मृत्युदंड दिलेल्या विरोधकांना तिथे पुरलं होतं. तिथले दगड वर्षानुवर्षं फोडले गेले आणि २०२५ मध्ये त्या जागेवर वाहनतळ करण्यात आला. तीस वर्षं उलटल्यावर जागा पुन्हा वापरता येते, असा नियम अधिकाऱ्यांनी सांगितला. नियम जागेच्या टंचाईसाठी होता. इथे त्याच्या आधाराने दुसऱ्या माणसाला जागा मिळाली नाही, गाड्यांना मिळाली.

दिल्लीत आणि तेहरानमध्ये जमीन परत वापरतात. फरक आहे तो परत घेणारा कोण आणि कुणासाठी, यात. दिल्ली गेटला जागा मातीने परत घेतली आणि चाचांना दिली. हे मी चाचांच्या मुलाला सांगितलं तेव्हा तो लगेच पटलं म्हणाला नाही. थोड्या दिवसांनी म्हणाला, ठीक है, कच्ची ही अच्छी.

तुम्ही गेलात तर

शेजाऱ्याच्या, मित्राच्या दफनाला जायचं की नाही, गेल्यावर काय करायचं, या संकोचाने अनेक जण घरीच थांबतात. म्हणून मला कळलेलं सांगतो. साधे कपडे घाला, डोक्यावर रुमाल घ्या. नमाजेच्या वेळी मागे शांत उभे राहा. खांदा द्यायला बोलावलं तर द्या. कबरींवर पाय ठेवू नका, मधल्या पायवाटेने चाला. माती टाकायला पुढे या, तीन मुठी. शब्द येत नसतील तर मनात आपले म्हणा. घरच्यांना तीन दिवस शेजाऱ्यांनी जेवण पाठवायची रीत आहे. आम्ही वरण-भात आणि बटाट्याची भाजी पाठवली, तीच चालली.

आणि आणखी एक. आपल्यातले पुष्कळ जण गाव सोडून परक्या शहरात सोसायट्यांमध्ये राहतात. सोसायटीच्या बैठकीत पार्किंगवर दोन तास बोलणं होतं. एकदा हेही विचारून ठेवा की इथे कुणी गेलं तर जवळची स्मशानभूमी कुठली, दफनभूमी कुठली, आणि ती आपल्याला जागा देते का. आम्ही चाचा गेल्यानंतर विचारलं. आता ती यादी सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये चिकटवलेली आहे.

चेहलुमच्या नंतरच्या गुरुवारी मी चाचींना दिल्ली गेटला घेऊन गेलो. त्या आत आल्या नाहीत, गाडीत बसून राहिल्या. माझ्या हातात गुलाबपाण्याची बाटली दिली आणि म्हणाल्या, तेहरानची ती गोष्ट ते फार सांगायचे. उंचवटा निम्मा बसला होता. लोखंडी पाटीवरच्या नंबरावरून आणि कडुनिंबावरून मी जागा शोधली. धुवायला दगड नव्हता. मी गुलाबपाणी मातीवरच ओतलं, ते लगेच जिरलं. बाटलीत थोडं उरलं होतं, ते शेजारच्या उंचवट्यावर ओतलं. तिथे पाटी नव्हती.

परत आल्यावर चाचींनी विचारलं, जागा कशी आहे? मी म्हणालो, सावली आहे.

भेटू पुढच्या भागात.